आम्युसांचा टाका

जाँ आम्युसा यांचा जन्म १७९६ मध्ये फ्रान्समध्ये झाला. त्या काळी गुदद्वाराविना जन्मलेल्या बाळाला शल्यचिकित्सक सुरीने वाट करून देत. पण जखम भरताना ती आक्रसून पुन्हा बंद व्हायची आणि बाळ दगावायचं. १८३५ मध्ये आम्युसांनी अशा बाळाच्या गुदाशयाचं टोक खाली ओढून त्याची कड त्वचेला टाक्यांनी शिवली. वाट उघडी राहिली. १८५६ मध्ये पॅरिसमध्ये ते वारले. त्यांच्या टाक्याचं तत्त्व मात्र आजच्या शस्त्रक्रियेतही आहे.

सुमारे ५,००० बाळांमागे एकात हा दोष आढळतो. मुलींमध्ये गुदाशय बऱ्याचदा योनीच्या तोंडापाशी उघडतो. तिथून शी होत राहते, म्हणून घरच्यांना काही वावगं वाटत नाही आणि मुलगी आमच्याकडे उशिरा येते. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर अशा बहुतेक मुलींना शौचावर ताबा मिळतो. बद्धकोष्ठतेवर मात्र पुढे अनेक वर्षं लक्ष ठेवावं लागतं. तेव्हा मुलगी जन्मली की गुदद्वार जागेवर आहे ना, हे पहिल्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.