फोटो एकच, पण तो १३०० हून जास्त वेळा हाताने छापला : ॲन्सेल ॲडम्सची गोष्ट

फोटोशॉपमध्ये डॉज आणि बर्न ही टूल्स तुम्ही वापरली असतील. हे शब्द कॉम्प्युटरवाल्यांचे नाहीत, डार्करूममधले आहेत. आणि डार्करूम म्हटलं की पहिलं नाव निघतं ॲन्सेल ॲडम्स यांचं.

ॲन्सेलचा जन्म १९०२ चा, अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोचा. शाळेत मन रमेना म्हणून त्याचं शिक्षण घरीच झालं. पियानो मात्र तो जीव लावून शिकला, त्यातच नाव कमवायचं ठरलं होतं. पण १९१६ मध्ये घरचे योसेमिटीच्या डोंगरदऱ्यांत फिरायला गेले आणि वडिलांनी त्याच्या हातात कोडॅकचा साधा बॉक्स कॅमेरा दिला. पुढच्याच वर्षी पोरगं शहरात फोटो धुवून देणाऱ्या एकाकडे कामाला लागलं.

१९२७ मध्ये ॲडम्स योसेमिटीतल्या हाफ डोम या कड्यासमोर उभे होते. काचेच्या दोनच प्लेट्स उरल्या होत्या. पिवळा फिल्टर लावून एक फोटो काढला, पण आकाश फिकट येणार हे लक्षात आलं. त्यांना ते हवं होतं काळंभोर. मग शेवटच्या प्लेटसाठी लेन्सवर गडद लाल काच लावली. लाल काच निळा प्रकाश अडवते, त्यामुळे निळं आकाश फोटोत काळं उमटतं. छापलेला फोटो कसा दिसणार, हे बटण दाबण्याआधीच मनात पाहायचं, हा त्यांचा धडा इथलाच.

१९४० च्या सुमारास फ्रेड आर्चर यांच्यासोबत त्यांनी याचं शास्त्र बसवलं. त्याचं नाव झोन सिस्टिम. ठार काळ्यापासून पांढऱ्याशुभ्रपर्यंत ० ते १० अशा ११ पायऱ्या. सावलीतला भाग कोणत्या पायरीवर हवा, त्यावर एक्स्पोजर ठरवायचं. उजळ भाग किती पांढरा व्हावा, ते फिल्म डेव्हलपरमध्ये किती वेळ ठेवली त्यावर. मोबाईलवर हे एका बोटाने होतं, पण फिल्मवर चुकलेलं कळायचं थेट धुतल्यावर.

या शास्त्राचा कस लागला नोव्हेंबर १९४१ मध्ये. न्यू मेक्सिकोत हर्नांडेझ गावाजवळून जाताना ॲडम्सनी गाडीला ब्रेक मारला. समोर चंद्र वर आलेला, मावळतीचं ऊन दफनभूमीतल्या पांढऱ्या क्रुसांवर पडलेलं. आठ बाय दहा इंचाचा धूड कॅमेरा लावला, तर प्रकाश मोजायचा मीटर सापडेना! पण चंद्र किती उजळ असतो तो आकडा त्यांना पाठ होता, दर चौरस फुटाला २५० कँडल. त्यावरून हिशेब करून एक फोटो घेतला. दुसऱ्याची तयारी होईपर्यंत क्रुसांवरचं ऊन गेलं होतं.

म्हणजे निगेटिव्ह एकच, आणि तीही अवघड. चंद्र बरोबर आला, पण खालची जमीन फारच पुसट. १९४८ मध्ये ॲडम्सनी धाडस करून निगेटिव्हचा खालचा भाग पुन्हा रसायनात घालून गडद केला. बिघडलं असतं तर सगळंच गेलं असतं. मुळात आगीत निगेटिव्हज गमावण्याचा अनुभव त्यांनी १९३७ मध्ये घेतलेला होता.

पुढचं काम एन्लार्जरखाली. कागदाच्या ज्या भागावर उजेड कमी हवा तिथे मध्ये पुठ्ठा धरायचा, तो डॉज. जिथे जास्त हवा तिथे बाकीचं झाकून उजेड द्यायचा, तो बर्न. हे दरवेळी नव्याने आणि हाताने. सुरुवातीच्या प्रिंट्समध्ये आकाशात ढगांचे पट्टे दिसतात, नंतरच्यांत ते जवळजवळ काळं आहे. निगेटिव्ह म्हणजे संगीताची लिहिलेली स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे मैफल, असं ते मानायचे. पियानो कुठे वाया गेला नव्हता.

ॲडम्स १९८४ मध्ये गेले. कॅमेरा, निगेटिव्ह आणि प्रिंट यांवरची त्यांची तीन पुस्तकं फिल्म शिकणारे आजही उघडतात. गंमत म्हणजे एवढ्या काटेकोर माणसाने त्या फोटोची तारीख नीट लिहून ठेवली नव्हती. शेवटी खगोलाच्या अभ्यासकांनी चंद्राच्या जागेवरून ती काढली : १ नोव्हेंबर, दुपारी ४ वाजून ४९ मिनिटं.