डॉ. फ्रान्झ फॅनन : ब्लिदाच्या इस्पितळातले डॉक्टर

फ्रान्झ फॅनन हे नाव आपण ऐकतो ते बहुतेक वेळा वसाहतवादाविरुद्ध लिहिणारे बंडखोर लेखक म्हणून. ते पेशाने मनोविकाराचे डॉक्टर होते आणि त्यांच्या वॉर्डातले पुरुष पेशंट अल्जीरियन मुसलमान होते, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही.

जन्म १९२५ चा, मार्टिनिक या फ्रेंच ताब्यातल्या बेटावर. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या बाजूने लढताना जखमी झाले, मग लियों शहरात डॉक्टरकी शिकले. तिथल्या दवाखान्यांत उत्तर आफ्रिकेचे मजूर अंगदुखीची तक्रार घेऊन यायचे आणि ढोंगी समजून वाटेला लावले जायचे. यावर त्यांनी १९५२ मध्ये लेख लिहिला. घरदार मागे टाकून अपमानात राबणाऱ्या माणसाचं दुखणं खोटं नसतं, एवढं साधं म्हणणं होतं त्यांचं.

१९५३ च्या अखेरीस ते अल्जीरियात ब्लिदाच्या सरकारी मनोरुग्णालयात रुजू झाले. युरोपियनांचे आणि मुसलमानांचे वॉर्ड वेगळे. अल्जीरियन माणूस जन्मतःच हिंसक आणि अर्धविकसित मेंदूचा असतो, असं तिथले नामांकित तज्ज्ञ शिकवत. फॅनन यांनी आल्याआल्या दोन्हीकडे सारखेच उपक्रम सुरू केले : करमणुकीच्या संध्याकाळी, हस्तकला, इस्पितळाचं छोटं वर्तमानपत्र. युरोपियन बायका सुधारू लागल्या. मुसलमान पुरुष मात्र ढिम्म.

इथे दुसरा कुणी पेशंटलाच दोष देऊन मोकळा झाला असता. फॅनन आणि त्यांचे तरुण सहकारी जॅक अझुले यांनी चूक आपल्याकडे घेतली आणि तसं छापूनही टाकलं. बहुतेकांना वाचता येत नव्हतं, मग वर्तमानपत्र कुणासाठी? डॉक्टरला अरबी येत नाही, मधे दुभाष्या, मग मनातलं बोलायचं कसं? मग वॉर्डात कहवाखाना आला, ईद साजरी होऊ लागली, किस्से सांगणारे कथेकरी आले. पेशंट बोलू लागले.

फॅनन यांनी आणखी एक गोष्ट टिपली. तिथल्या लोकांत वेड लागलेल्या माणसाला कुणी दोष देत नसे; दोष जिनाचा, माणूस बिचारा बेकसूर. बरा झाला की तो पूर्वीच्याच इज्जतीने घरात वावरे. आपल्याकडेही आजार बाधेवर ढकलतात, पण ती इज्जत देतात का, हा प्रश्न आम्हाला हे वाचताना टोचला. अर्थात नुसत्या आपुलकीने आजार जात नाही, त्याला उपचार लागतात, हेही फॅनन जाणून होते.

१९५४ च्या नोव्हेंबरात स्वातंत्र्ययुद्ध पेटलं. आता त्यांच्याकडे छळ सोसलेले येत आणि छळ करणारे पोलिसही. एका पोलीस अधिकाऱ्याला उपचार हवे होते ते कशासाठी, तर कैद्यांचा छळ करताना मन खाऊ नये म्हणून! दुसरा एक पोलीस इस्पितळाच्या आवारात फिरत असताना त्याला पूर्वी आपणच छळलेला माणूस समोर दिसला. पोलीस झाडाला टेकून थरथरत उभा राहिला. तो पेशंट संडासात सापडला, जीव द्यायच्या प्रयत्नात. पोलीस आपल्याला परत न्यायला आलेत असं त्याला वाटलं होतं.

फॅनन दोघांवरही उपचार करत, शिवाय लढवय्यांना गुपचूप मदतही करत. पण छळाच्या खुणा झाकून खोटे दाखले देणाऱ्या डॉक्टरांबद्दल त्यांनी पुढे फार कडक लिहिलं. १९५६ च्या शेवटी त्यांनी फ्रेंच मंत्र्याला राजीनामा पाठवला. ज्या देशात माणूस आपल्याच घरात परका केला जातो, तिथे त्याला भानावर आणायचं काम कसं करायचं, असा त्याचा आशय होता. सरकारने त्यांना हद्दपार केलं.

ट्यूनिसमध्ये त्यांनी दिवसाचं मनोरुग्णालय चालवलं. पेशंट सकाळी येई, संध्याकाळी आपल्या घरी, आपल्या माणसांत जाई. कुलूप नाही, साखळी नाही.

१९६१ च्या ६ डिसेंबरला अमेरिकेतल्या इस्पितळात रक्ताच्या कर्करोगाने ते वारले. वय अवघं ३६. कागदोपत्री नाव इब्राहिम फॅनन. त्यांच्या इच्छेप्रमाणे स्वातंत्र्यसैनिकांनी त्यांना ट्यूनिशियाच्या सरहद्दीवरून अल्जीरियाच्या मातीत नेऊन दफन केलं. देश आझाद व्हायला तेव्हा काही महिने बाकी होते. ब्लिदाच्या त्या इस्पितळाला आज त्यांचंच नाव आहे.