सवतींनी मुलं सांभाळली आणि एलिस डॉक्टर झाल्या!

फिलाडेल्फियाचं वुमन्स मेडिकल कॉलेज म्हटलं की आपल्याला १८८६ मध्ये तिथून डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी आठवतात. त्यांच्या ८ वर्षं आधी याच कॉलेजातून एलिस शिप डॉक्टर झाल्या होत्या.

१८४७ साली अमेरिकेत जन्मलेल्या एलिस मॉर्मन पंथाच्या. १९ व्या वर्षी त्यांचं लग्न झालं. तेव्हा या पंथात बहुपत्नीत्व मान्य होतं. नवऱ्याने पुढे आणखी तीन लग्नं केली. श्रद्धा पक्की असली तरी ही वाटणी एलिसना जड गेली. पोटची लेकरंही दगावली. तरी पहाटे ४ ला उठून त्या अभ्यास करायच्या.

१८७५ मध्ये तीन मुलगे युटामध्ये घरी ठेवून त्या फिलाडेल्फियाला गेल्या. मुलं कोणी सांभाळली? सवतींनी! खर्चाला पैसेही पाठवले. सुट्टीत घरी आलेल्या एलिस गरोदर राहिल्या, तरी शिक्षण सोडलं नाही. १८७७ मध्ये मुलगी झाली आणि १८७८ मध्ये पदवी मिळाली.

पुढे सॉल्ट लेक सिटीत त्यांनी सुईणी आणि नर्स घडवणारी शाळा काढली. १९३९ मध्ये, ९२ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. ज्या प्रथेने त्यांचा संसार वाटला गेला, त्याच प्रथेतल्या बायकांनी त्यांना डॉक्टर केलं!