सात हजारांचे ऋण

गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर एका संध्याकाळी आमच्या भिवंडीच्या घरी एक गृहस्थ आले. यंत्रमागावर पाळी करणारे. सोबत त्यांचा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा. कान थोडे मोडलेले, मान जाड, नजर जमिनीला खिळलेली. मुलगा कुस्ती खेळतो, बाहेरगावच्या स्पर्धेसाठी त्याची निवड झाली आहे, जाण्या-येण्याचे आणि चार दिवसांच्या खुराकाचे पैसे जमवायचे आहेत, एवढे सांगताना वडिलांना घाम फुटला होता. मी माझ्या ऐपतीप्रमाणे काही रक्कम पुढे केली. त्यांनी पिशवीतून शाळेची शंभर पानी वही काढली, माझे नाव लिहिले आणि पुढे आकडा मांडला. वर्गणीची नोंद असेल असे मी समजलो. पण ती वर्गणी नव्हती. ते उसने होते. वहीतली प्रत्येक रक्कम परत करायची होती.

ते दोघे निघून गेले आणि मला खाशाबा जाधव आठवले. त्यांचे नाव आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेले आहे. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणारे मल्ल, हेलसिंकी, १९५२. प्रश्नमंजूषेत एक गुण मिळवून देणारे हे उत्तर. पण या उत्तरामागे अशीच एक उसनवारीची वही आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असते?

कऱ्हाडजवळचे गोळेश्वर हे खाशाबांचे गाव. १५ जानेवारी १९२६ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा धाकटे. घरातच लाल माती होती म्हटल्यावर मुलाने लंगोट केव्हा कसला, हे वेगळे सांगायला नको. शिक्षण कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये झाले. बेचाळीसच्या चळवळीचे ते दिवस होते आणि सातारा जिल्हा पेटलेला होता. भूमिगतांना आसरा देणे, त्यांचे निरोप पोहोचवणे ही कामे या शाळकरी पोरानेही केली. पुढे कॉलेजसाठी ते कोल्हापूरला राजाराम महाविद्यालयात गेले. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी वाढवलेली कुस्तीची पंढरी. बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्या हाताखाली खाशाबांची कुस्ती तिथे घडली.

अंगकाठीने ते ठेंगणे आणि वजनाला हलके होते. आपल्याकडे पैलवान म्हटले की डोळ्यांसमोर येतो तो आडदांड, दाराच्या चौकटीत न मावणारा गडी. खाशाबा त्यातले नव्हते. त्यांची ताकद चपळाईत होती. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याच्या मानेला हाताची मिठी घालायची आणि तो सावरायच्या आत कमरेच्या बळावर त्याला उचलून पाठीवर आपटायचे.

१९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकसाठी त्यांची निवड झाली. जाण्याचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी केला. लंडनला पोहोचल्यावर मात्र या मातीतल्या मल्लापुढे एक नवीच अडचण उभी राहिली. तिथली कुस्ती मातीत नव्हती, गादीवर होती. घरबसल्या आपल्याला हा फरक किरकोळ वाटतो. पण मातीत पायाची बोटे रुततात, अंगाला माती लागली की पकड बसते, आणि पाठ टेकून आकाश दिसल्याशिवाय कुस्ती निकाली होत नाही. गादीवर पाय वेगळा पडतो, घामाने हात निसटतो आणि प्रत्येक लहानसहान पकडीला गुण मिळतात. चितपट न होताही माणूस हरतो. ज्याने आयुष्यभर विहिरीत पोहणे केले त्याला एकदम समुद्रात सोडावे, तसाच हा प्रकार. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन मल्लाने त्यांना तिथे मार्गदर्शन केले. ऑस्ट्रेलियाच्या आणि अमेरिकेच्या मल्लांना हरवून खाशाबा फ्लायवेट गटात सहावे आले. गादीची नीट ओळखही नसलेल्या माणसाची ही कामगिरी थोडी नव्हती. खाशाबांना मात्र ती पुरेशी वाटली नाही. पुढची चार वर्षे त्यांनी अंगमेहनतीला सुट्टी दिली नाही.

१९५२ उजाडले. निवडीच्या वेळी अन्याय झाल्याची तक्रार घेऊन ते पतियाळाच्या महाराजांपर्यंत गेले, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ती जिंकून संघात जागा मिळवली. जागा मिळाली, पण हेलसिंकीला जायचे कशाने? कोल्हापूर संस्थान तोवर विलीन झाले होते आणि राजाश्रय संपला होता. सरकारकडून पुरेशी मदत मिळाली नाही. मग खाशाबा आणि त्यांचे घरचे लोक दारोदार फिरले. गोळेश्वरच्या शेतकऱ्यांनी आणि आसपासच्या लोकांनी जमेल ते दिले. तरी आकडा भरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले.

वाचकहो, इथे क्षणभर थांबूया. १९५२ मधले सात हजार म्हणजे सामान्य माणसाने एकरकमी कधी न पाहिलेली रक्कम. खर्डेकरांना घरदार होते, संसार होता. विद्यार्थी हरून परत आला असता तर ते घर कदाचित सुटलेही नसते. तरीही त्या शिक्षकाने कागदावर सही केली. शिष्यावर विश्वास असल्याचे आपण सारेच सांगतो. खर्डेकरांनी तो विश्वास घराच्या किमतीत मोजून दिला.

हेलसिंकीत खाशाबा ५७ किलोच्या, म्हणजे बँटमवेट गटात उतरले. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना त्यांनी नमवले. जपानच्या शोहाची ईशीशी त्यांची झुंज चांगलीच लांबली आणि त्यात ते हरले. ईशी मूळचा ज्यूदोचा खेळाडू. महायुद्धानंतर जपानमध्ये ज्यूदोवर बंधने आली म्हणून तो कुस्तीकडे वळला होता. त्या ऑलिंपिकमधले जपानचे एकमेव सुवर्णपदक त्यानेच मिळवले. खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव्हशीही लढायचे होते. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाची विश्रांती मिळण्याचा नियम होता. तो नियम बोलून दाखवायला भारतीय पथकाचा एकही अधिकारी तिथे हजर नव्हता. दमलेले खाशाबा तसेच गादीवर उतरले आणि हरले. त्यांच्या वाट्याला कांस्यपदक आले. तारीख होती २३ जुलै १९५२. कोल्हापूरच्याच केशव मांगवे यांचे पदक त्याच स्पर्धेत थोडक्यात हुकले; वरच्या वजनगटात ते चौथे आले.

दुसऱ्या दिवशी भारताच्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले आणि देशभर त्याचाच गाजावाजा झाला. कऱ्हाडने मात्र आपल्या माणसाचे कौतुक आपल्या पद्धतीने केले. स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. एरवी थोड्या मिनिटांचा तो रस्ता संपायला तासन्‌तास लागले.

मिरवणूक संपली, गुलाल झटकून झाला आणि खाशाबांनी पहिले काम हाती घेतले ते कर्जाचे. कोल्हापुरात त्यांनी कुस्त्यांचे मैदान भरवले, स्वतः त्यात उतरले, कुस्त्या मारल्या आणि मिळालेले पैसे खर्डेकरांच्या हाती ठेवून त्यांचे घर सोडवले. ऑलिंपिक पदकाचा मानकरी पुन्हा मातीत उतरला, तो गुरूच्या घराचा कागद परत आणण्यासाठी. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कुस्ती हीच.

१९५५ मध्ये ते मुंबई पोलिसांत उपनिरीक्षक म्हणून लागले. गुडघ्याच्या दुखापतीने पुढच्या ऑलिंपिकची आशा संपवली. सत्तावीस वर्षे नोकरी करून ते सहायक पोलीस आयुक्त म्हणून निवृत्त झाले. नोकरीत असताना पोलीस दलातल्या खेळाडूंना त्यांनी शिकवले. पण निवृत्तीनंतर स्वतःच्या पेन्शनसाठीही त्यांना झगडावे लागले. क्रीडा संघटनांना त्यांची आठवण राहिली नव्हती. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरच्या अपघातात त्यांचे निधन झाले.

त्यानंतर मान मिळत गेले. १९९२-९३ चा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर मिळाला, पुढे अर्जुन पुरस्कारही मरणोत्तरच. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या सभागृहाला त्यांचे नाव दिले गेले. त्यांच्यानंतर भारताला वैयक्तिक पदक मिळायला १९९६ उजाडावे लागले. लिअँडर पेसने टेनिसमध्ये ते मिळवले. कुस्तीतले पुढचे पदक तर थेट २००८ मध्ये सुशील कुमारने आणले. आणि महाराष्ट्राच्या मातीतल्या दुसऱ्या खेळाडूला, कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेला, नेमबाजीत वैयक्तिक कांस्यपदक मिळाले ते २०२४ साली पॅरिसमध्ये. मध्ये ७२ वर्षे गेली. ज्या सत्काराला सत्कारमूर्तीच हजर नाही, त्या सत्काराचा हार कोणाच्या गळ्यात घालायचा, हा प्रश्न मात्र माझ्या मनातून जात नाही. खाशाबांनी आपले देणे एका हंगामात चुकते केले. आपण त्यांचे देणे हप्त्याहप्त्याने, आणि तेही ते गेल्यावर, भरत बसलो.

दिवाळीच्या आधी ते यंत्रमागावरचे गृहस्थ पुन्हा आले. मुलगा दुसऱ्याच फेरीत हरला होता. गादीवर पाय ठरला नाही, असे तोच खाली मान घालून सांगत होता. वडिलांनी वही काढली आणि मोजलेल्या नोटा माझ्यापुढे ठेवल्या. मी नको म्हटले. पुढच्या स्पर्धेला उपयोगी पडतील, असेही सुचवले. ते काही बोलले नाहीत, नुसती वही उघडी धरून उभे राहिले. मी नोटा उचलल्यावरच त्यांनी माझ्या नावावर रेघ मारली. पुढच्या स्पर्धेसाठी लागतील तेव्हा पुन्हा येईन, असे सांगून ते मुलाचा हात धरून जिना उतरले.