तीन चाकांवरचा बोर्गवर्ड

कार्ल बोर्गवर्ड १८९० साली हॅम्बर्गजवळच्या आल्टोनात जन्मला. वडील कोळशाचे व्यापारी, घरात पोरं तेरा! शिकून मेकॅनिकल इंजिनिअर झाला, म्हणजे आपल्याच ब्रँचचा. ब्रेमेनमध्ये त्याचा रेडिएटरचा कारखाना होता. माल पोचवायला १९२४ मध्ये त्याने ‘ब्लिट्झकारेन’ ही तीनचाकी बनवली. इंजिन जेमतेम २ हॉर्सपॉवरचं, पण छोट्या दुकानदारांना तेवढंच परवडायचं. जर्मन पोस्टानेसुद्धा घेतल्या. त्याच कमाईवर पुढे गोलिआथ गाड्या आल्या, आणि १९५४ ची ती देखणी इझाबेला कार.

१९६१ मध्ये कंपनी बुडाली. बुडाली की बुडवली, यावर अजून वाद आहेत. १९६३ मध्ये बोर्गवर्ड गेला. नंतर हिशेब लागला, तेव्हा ज्यांचं देणं होतं त्या सगळ्यांचे पैसे पूर्ण फिटले.