हेन्री पर्सेल आणि विद्यार्थ्यांची ‘डायडो’

हेन्री पर्सेल या इंग्रज संगीतकाराला जेमतेम छत्तीस वर्षांचे आयुष्य लाभले. त्याचा जन्म १६५९ साली लंडनमधील वेस्टमिन्स्टर भागात, संगीताची परंपरा असलेल्या कुटुंबात झाला. बालपणी तो राजाच्या प्रार्थनामंदिरातील गायकवृंदात गात असे. १६७३ मध्ये आवाज फुटल्यावर राजवाड्यातील वाद्यांची निगा राखणाऱ्याचा मदतनीस म्हणून त्याला काम मिळाले. १६७९ मध्ये, वयाच्या विशीच्या सुमारास, तो जॉन ब्लोच्या जागी वेस्टमिन्स्टर ॲबीचा ऑर्गनवादक झाला.

दरबार आणि चर्च यांसाठी त्याने विपुल रचना केली. तथापि ज्या कृतीमुळे तो आज विशेष ओळखला जातो, त्या ‘डायडो आणि ईनिअस’ या शोकात्म संगीतिकेचा प्रयोग १६८९ च्या सुमारास झाला तो मुलींच्या एका निवासी शाळेत. चेल्सी येथील ही शाळा जोसायस प्रीस्ट हा नृत्यशिक्षक चालवीत असे. तासाभराच्या या कृतीत नृत्यांना भरपूर वाव आहे. नेहम टेटने संहितेसाठी व्हर्जिलच्या महाकाव्यातील कथा घेतली. कार्थेजची राणी डायडो हिला सोडून जाण्याची ईनिअसला मिळणारी आज्ञा मूळ काव्यात देवाची आहे. टेटने ती चेटकिणींचे कपट ठरविली. त्यामुळे राणीचा अंत अकारण, म्हणूनच अधिक करुण झाला.

मृत्यूपूर्वीच्या तिच्या विलापगीतात पर्सेलची प्रतिभा उत्कटतेने प्रकटते. खर्जात अर्धस्वरांनी पायरीपायरीने उतरणारी एकच स्वरावली, तबल्याच्या साथीतील लहऱ्याप्रमाणे, पुनःपुन्हा येत राहते. नियतीसारख्या अटळ अशा या आवर्तनांवर राणीचे गाणे मात्र त्यांच्या सीमा ओलांडून मोकळेपणाने वाहते.

१६९० नंतर पर्सेलने रंगभूमीसाठी ‘किंग आर्थर’, ‘द फेअरी क्वीन’ यांसारख्या कृती रचल्या. परंतु त्यांत गद्य संवादांचा भाग मोठा होता. आद्यंत गायली जाणारी त्याची संगीतिका ‘डायडो’ ही एकच. त्याच्या हयातीत सार्वजनिक रंगभूमीवर तिचा प्रयोग झाल्याची नोंद नाही. २१ नोव्हेंबर १६९५ रोजी त्याचे निधन झाले आणि ॲबीतील ऑर्गनजवळ त्याला दफन करण्यात आले. ‘डायडो’चे त्याच्या हातचे हस्तलिखितही उरले नाही, इतरांनी केलेल्या नकलांमुळेच ती टिकली.

द्विशताब्दीनिमित्त २० नोव्हेंबर १८९५ रोजी लंडनच्या लायसियम नाट्यगृहात ती पुन्हा रंगमंचावर आली. त्या प्रयोगाचे कलावंत होते रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकचे विद्यार्थी. व्यावसायिक रंगभूमीने दीर्घकाळ दुर्लक्षिलेल्या या कृतीला प्रथम आश्रय आणि पुढे पुनर्जन्म दिला, तो शिकणाऱ्यांनीच.