सहाबारीचा धनी : सॅम्युएल कोल्ट

इंग्रजी चित्रपटातला नायक घोड्यावरून सहा बार काढतो आणि क्षणभरात पुन्हा सहा काढतो, तेव्हा मला हसू येते. गेल्या शतकाआधीच्या शतकातले सहाबारी पिस्तूल एकदा रिकामे झाले, की पुन्हा भरायला चांगली काही मिनिटे लागत. ज्याच्या नावाने ते जगभर गाजले, त्या माणसाविषयी वाचू लागलो आणि मग त्याचा पिच्छा काही सोडवेना.

सॅम्युएल कोल्टचा जन्म १९ जुलै १८१४ रोजी अमेरिकेतील हार्टफर्ड गावी झाला. आई लहानपणीच गेली. दारूकामाच्या नादात शाळा सुटली, तेव्हा सोळा वर्षांच्या या पोराला वडिलांनी ‘कॉर्व्हो’ नावाच्या जहाजावर धाडून दिले. जहाज निघाले होते आपल्या कलकत्त्याला! त्या सफरीत त्याने पिस्तुलाचा लाकडी नमुना कोरला. जहाजाचे चाक पाहून कल्पना सुचली, असे पुढे सांगितले जाई. मला त्या गोष्टीचे फारसे महत्त्व वाटत नाही. फिरत्या नळकांड्याची चकमकीची बंदूक एलिशा कॉलियरने १८१८ सालीच पेटंट करून घेतली होती. मात्र तिचे नळकांडे बहुधा हाताने फिरवावे लागे.

कोल्टची करामत इथे आहे. त्याच्या पिस्तुलाचा घोडा अंगठ्याने मागे ओढला, की आतला एक छोटा पंजा नळकांड्याच्या दात्यांना रेटतो. नळकांडे एक घर पुढे सरकते आणि खालून खिट्टी येऊन खाचेत बसते. भरलेले घर बरोबर नळीसमोर! आता फक्त चाप ओढायचा.

भरण्याचे काम मात्र कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीसारखेच, फक्त सहा वेळा. प्रत्येक घरात समोरून मोजून काळी दारू घालायची. म्हणजे सुमारे पंचाहत्तर भाग सोरा, पंधरा भाग कोळसा, दहा भाग गंधक. तिच्यावर घरापेक्षा किंचित मोठी शिशाची गोळी ठेवून नळीखालच्या दांडीने दाबायची. शिशाची बारीक कड तासून निघाली, म्हणजे गोळी घट्ट बसली. वर चरबी लावायची. घरामागच्या पोकळ खुंटीवर तांब्याची इवलीशी टोपी चढवायची. टोपीत पाऱ्याचे स्फोटक मीठ असते. दिवाळीतल्या टिकलीसारखी ती घोड्याच्या आघाताने फुटते आणि ठिणगी खुंटीतून दारूपर्यंत जाते.

गोळी सैल बसली किंवा टोपी नीट बसली नाही, तर शेजारची घरेही एकदम उडत. फुटलेल्या टोपीचे तुकडे यंत्रात अडकत. धूर तर विचारूच नका. आणि गरम पाण्याने धुतले नाही, तर काजळीपायी गंज चढे.

नमुन्यांसाठी लागणारा पैसा कोल्टने कसा मिळवला? हसवणाऱ्या वायूचे खेळ करून! गावोगावी तो स्वतःला कलकत्त्याचा डॉक्टर म्हणवीत असे. २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेत पेटंट मिळाले. पॅटर्सन गावी पाचबारी पिस्तुलांचा कारखाना निघाला आणि १८४२ साली बुडाला. त्याच वर्षी खुनाबद्दल फाशीची शिक्षा झालेला त्याचा भाऊ जॉन तुरुंगात मृत्यू पावला.

पण १८४४ साली टेक्सासच्या रेंजरांनी हीच पिस्तुले घेऊन कोमांची लोकांशी लढाई केली. त्याआधी गोऱ्याची एकबारी बंदूक पुन्हा भरून होईतो कोमांची स्वार कितीतरी बाण सोडी. आता ती उसंत संपली. कोल्टचे चरित्र वाचताना मी या पानावर बराच वेळ थांबलो. त्याचे भाग्य उघडले ते नेमके इथून. रेंजर सॅम्युएल वॉकरच्या सूचनेवरून १८४७ साली सरकारने सुमारे दोन किलो वजनाची एक हजार सहाबारी पिस्तुले मागवली.

त्यानंतर हार्टफर्डला त्याने अवाढव्य कारखाना उभारला. यंत्रांवर घडलेले एकसारखे सुटे भाग, हा माझ्या मते त्याचा पिस्तुलाहूनही मोठा पराक्रम. गिऱ्हाईक पाहून त्याने कधी माल नाकारला नाही. तुर्कस्तानचा सुलतान आणि रशियाचा झार हे एकमेकांचे वैरी, पण सोन्याचे नक्षीकाम केलेली पिस्तुले त्याने दोघांनाही नजर केली! अमेरिकेतील यादवी पेटेपर्यंत, म्हणजे १८६१ सालापर्यंत, गुलामगिरीचा पाठीराखा दक्षिण भागही त्याचे गिऱ्हाईक होता. कल्पक, कष्टाळू, जिद्दी अशी सारी विशेषणे मी त्याला देईन. थोर म्हणायला मात्र माझी लेखणी अडखळते. असो.

१० जानेवारी १८६२ रोजी, अवघ्या सत्तेचाळिसाव्या वर्षी तो वारला. त्याची काही मुले तान्हेपणीच गेली. १८६४ साली कारखान्याला मोठी आग लागली, तेव्हा पत्नी एलिझाबेथ हिने तो पुन्हा उभा केला. पुढे नवऱ्याच्या आणि मुलांच्या स्मरणार्थ तिने तिथेच एक चर्च बांधले. त्याच्या एका दाराभोवती दगडात कोरलेली नक्षी आहे, आणि त्या नक्षीत पिस्तुले आहेत.